गोधडीची किंमत चिंध्यांवरून ठरवू नका

पोलादपूरच्या कुडपणसारख्या डोंगरगावातल्या गारठ्यात जुन्या लुगड्यांची गोधडी ऊब देते, कारण कापडाच्या थरांत हवा अडकते आणि दाट धावदोरा ते थर सरकू देत नाही. कापड जुनं, म्हणून ती स्वस्त हवी असं आपण धरून चालतो. पण तिचं खरं मोल शिवणाऱ्या बाईच्या श्रमात आणि रंग जुळवणाऱ्या नजरेत आहे. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड इथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या, २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या.

गिरणीचं ब्लँकेट हलकं असतं, लवकर वाळतं, हे खरंच. पण गोधडी विरली तर वर नवा थर चढवता येतो. म्हणून घासाघीस नको. मजुरी दिवसांच्या हिशेबाने द्या.