रानांतलें विमान आणि अवजाराची पारख

विमान म्हटलें कीं वाचकांच्या मनांत प्रथम वेग येतो. ज्याची किंमत वेगावरून ठरली नाहीं अशा एका विमानाची हकीकत आज देण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण अवजार विकत घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यास तींत घेण्यासारखा बोध आहे.

कॅनडाच्या उत्तर भागांत सरोवरें व अरण्यें अफाट, रस्ते विरळ. टपाल, धान्य, तेल, आजारी माणूस, सर्वांस लहान विमानाचाच आधार. दुसरें महायुद्ध संपल्यावर टोरोंटोजवळील डाउन्सव्ह्यू येथील डी हॅव्हिलंड कंपनीनें नवें विमान काढावयाचें ठरविलें, तेव्हां तिनें रानांत विमान हाकणाऱ्या वैमानिकांचेंच मत मागविलें. त्यांचें मागणें साधें होतें: यंत्रास जोर हवा, थोडक्या जागेंत उठतां व उतरतां यावें, आणि दार इतकें रुंद असावें कीं तेलाचें पिंप सरळ आंत लोटतां यावें.

त्याप्रमाणें घडविलेलें 'बीव्हर' विमान १६ ऑगस्ट १९४७ रोजीं प्रथम उडालें. त्यास ४५० अश्वशक्तीचें, युद्धकाळांत कारागिरांच्या ओळखीचें झालेलें यंत्र बसविलें. जमिनीसाठीं चाकें, पाण्यासाठीं होडीसारखे पोकळ पाय व बर्फासाठीं घसरपट्ट्या लावण्याची सोय केली. यंत्राचें वंगण उडतां उडतां आंतूनच ओततां येई. १९६७ पर्यंत अशीं सोळाशेंहून अधिक विमानें निघालीं. त्यांपैकीं कित्येक आजही कामावर आहेत.

शेतीसही त्याचा उपयोग झाला. न्यूझीलंडांत डोंगरउतारावरील कुरणांच्या मातींत स्फुरद कमी. चढ असा कीं गाडी जाऊं नये. तेथें १९४९ पासून विमानांतून सुपरफॉस्फेट फेकण्याचा धंदा सुरू झाला व पुढें बीव्हरही त्या कामीं लागलें. डोंगरावरील आंखूड धावपट्टी त्यास पुरत असे.

आपल्या चार-दोन एकरांच्या तुकड्यांस असलें विमान नको, हें उघड आहे. परंतु त्यामागील रीत हवी. दुकानांत चकचकीत दिसलेलें अवजार पहिल्याच पावसांत काळ्या चिखलांत रुतून बसतें. मोडलें तर सुटा भाग मिळत नाहीं, आणि कर्जाचा हप्ता मात्र चुकत नाहीं. सबब आमची सूचना अशी कीं, सभासदांनीं आपली जमीन, बैलांची ताकद व दुरुस्तीची सोय आधीं कागदावर मांडावी, आणि संघानें तो कागद कारखानदारापुढें ठेवून मगच सौदा करावा.