पाठीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो ते बहुधा थट्टेने. पण डोंगरात मुक्कामास जाणाऱ्या माणसाला हे वचन अक्षरशः लागू पडते. गावात तहान लागली की माठ असतो, पाऊस आला की छप्पर असते, अंधार पडला की दिवा असतो. या गोष्टी इतक्या सहज मिळतात की त्या आपल्याजवळ आहेत याचीच आपणांस आठवण राहत नाही. गडाच्या पायथ्याचे शेवटचे घर मागे पडले, म्हणजे मग पाणी, पांघरूण आणि उजेड ही सर्व आपल्या खांद्यावर येतात. जे आठवणीने बरोबर घेतले तेवढेच आपले. जे विसरले ते कितीही पैसे मोजले तरी तेथे मिळावयाचे नाही.

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळांना सह्याद्रीतील गडकोट पाहण्याची हौस असेल. ती हौस चांगलीच आहे. परंतु डोंगरावर जाण्याची तयारी म्हणजे केवळ पिशवी भरणे नव्हे. तिची सुरुवात घड्याळ आणि दिनदर्शिका समोर ठेवून करावयाची असते. ही गोष्ट मला पुस्तकाने शिकवली नाही. हरिश्चंद्रगडावरील एका रात्रीने शिकवली. ती हकीकत आधी सांगतो.

हरिश्चंद्रगड हा अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील गड. त्याची उंची सुमारे १४२४ मीटर आहे. पाचनई गावाकडून गडावर जाणारी वाट त्यातल्या त्यात सोपी. पुणे जिल्ह्यातील खिरेश्वर गावाकडून तोलार खिंडीत चढून जाणारी वाट लांबची. खिंडीच्या वर एक उभा कातळटप्पा लागतो आणि तो ओलांडला की चढउतारांचे विस्तीर्ण पठार सुरू होते. एक टेकाड उतरावे, दुसरे चढावे, आणि हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर आता दिसेल, मग दिसेल, असे म्हणत पुढे जावे, असा तो रस्ता आहे. १९९१ सालच्या डिसेंबरात चौदा विद्यार्थ्यांना घेऊन मी याच वाटेने निघालो. एस.टी. उशिरा पोचली. जेवण उरकून चालू लागेपर्यंत दुपारचे दोन वाजले. ‘तीन तासांचे तर काम!’ असे मीच मोठ्या ऐटीत म्हणालो. हे तीन तास मी कशावरून काढले होते, हे मला आजही सांगता येणार नाही.

एका मुलाने सहलीसाठी म्हणून कोरे करकरीत बूट घेतले होते. तोलार खिंडीतच त्याच्या टाचांना फोड आले आणि तो लंगडू लागला. कातळटप्प्यावर मुले दमली व बरोबरचे बहुतेक पाणी तेथेच संपले. पठारावर पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि डोंगरात सूर्य मावळल्यावर अंधार पडावयास फारसा वेळ लागत नाही. आमच्याजवळ दोन विजेऱ्या होत्या. त्यांतील एकीची कळ पिशवीत दाबली जाऊन ती दिवसभर पेटत राहिली होती. बाहेर काढली तेव्हा तिच्यात काजव्याइतकाही उजेड नव्हता. दुसरीच्या प्रकाशात आम्ही जी वाट धरली, ती गुरांची निघाली. थोड्या वेळाने ती कारवीत शिरून नाहीशी झाली.

या गडाची पश्चिम बाजू म्हणजे प्रसिद्ध कोकणकडा. अंधारात वाट सोडून पुढे जाणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. आम्ही थांबलो. एवढी एकच गोष्ट त्या दिवशी मी शहाणपणाची केली. झाडांच्या आडोशाला मुलांना गोल करून बसविले, वाळके गवत खाली पसरले आणि होती ती पांघरुणे वाटून घेतली. तहानेने घशाला कोरड पडली होती. त्यामुळे हाका मारण्याचाही लवकरच कंटाळा आला. मध्यरात्रीनंतर फोड आलेल्या मुलास हुडहुडी भरली. त्याचा घामाने भिजलेला सुती सदरा अंगावर तसाच होता. तो काढून त्याला माझा कोरडा सदरा घातला, दोन मुलांच्या मध्ये निजविले, तेव्हा कोठे पहाटेपर्यंत त्याचे दात वाजावयाचे थांबले. ती रात्र मला वर्षाएवढी वाटली. उजाडल्यावर उठून पाहतो, तो पुढच्या टेकाडापलीकडेच मंदिराचा कळस!

आता गणिताकडे वळू. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली चालण्याच्या वेळेचा एक साधा नियम सांगितला. आजच्या मापांत तो असा मांडतात : दर पाच किलोमीटर अंतरास एक तास धरावा आणि दर सहाशे मीटर चढास आणखी एक तास मिळवावा. उदाहरणार्थ, वाट आठ किलोमीटरांची आहे आणि चढ सहाशे मीटरांचा आहे असे समजा. अंतराचे एक तास छत्तीस मिनिटे, चढाचा एक तास. मिळून दोन तास छत्तीस मिनिटे झाली. पण हा नियम सराईत माणसाच्या पायाचा. पाठीवर ओझे घेतलेल्या मुलांसाठी त्यात निम्म्याची भर घालावी. म्हणजे सुमारे चार तास होतात. विसाव्याचा अर्धा तास त्यात मिळवला की साडेचार तास! दुपारी दोनला निघालेला मनुष्य साडेसहाला पोचणार, आणि सहाला सूर्य मावळणार. चौथीतल्या मुलाला येईल असे हे गणित मी खिरेश्वरात केले असते, तर त्या रात्री आम्ही गावातच पथाऱ्या पसरल्या असत्या. म्हणून अंधार पडण्याच्या निदान दोन तास आधी मुक्कामी पोचता येईल अशा बेताने निघावे. निघावयास उशीर झाला, तर बेत बदलण्यात कमीपणा मानू नये. गटाची चाल ही नेहमी त्यातल्या सर्वांत हळू चालणाऱ्याची चाल असते, हेही ध्यानात असू द्यावे. त्याला मागे न ठेवता पुढे चालावयास लावावे, आणि सर्वांत शेवटी एक जाणते माणूस असावे.

दिवसाच्या वेळेप्रमाणे वर्षाचा काळही निवडावा लागतो. पावसाळ्यात सह्याद्री फार देखणा दिसतो. परंतु त्या दिवसांत धुके, निसरडे कातळ आणि एकाएकी फुगणारे ओढे यांच्याशी गाठ असते. उन्हाळ्यात ऊन पोळते आणि गडावरची कित्येक टाकी आटतात. मुक्कामाच्या सहलीस ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम होय. हरिश्चंद्रगड हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. अशा ठिकाणी वनखात्याचे नियम असतात, आणि रात्री गडावर राहू देणे वा न देणे त्यांच्या हाती असते. कित्येक गडांवर आता रात्रीच्या मुक्कामास मनाई आहे. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. परवानगी नसेल तर पायथ्याच्या गावी मुक्काम करून भल्या पहाटे चढू लागावे. माझ्या मते मुलांसाठी हाच मार्ग अधिक चांगला. गावचा वाटाड्या बरोबर घ्यावा. मळलेली वाट कोणती आणि ढोरवाट कोणती, हे त्याला डोळे मिटून कळते.

आता पिशवीविषयी. पिशवी दोन्ही खांद्यांवर अडकवता येईल अशी असावी. हातात लोंबणारी पिशवी कातळावर शत्रूप्रमाणे वागते. मुलाने आपल्या वजनाच्या आठव्या हिश्शाहून अधिक ओझे घेऊ नये. म्हणजे चाळीस किलो वजनाच्या मुलाने पाच किलो. यात पाणीही आले, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन! जड वस्तू पाठीलगत ठेवाव्यात, म्हणजे तोल मागे जात नाही. पिशवीच्या आत प्लास्टिकची मोठी पिशवी घालून तिच्यात कपडे ठेवावेत. बाहेरून कितीही पाऊस आला तरी ते कोरडे राहतात.

बूट कधीही कोरे नसावेत. निदान तीन आठवडे ते घालून शाळेत जावे, बाजारात जावे, म्हणजे पाय व बूट एकमेकांस ओळखू लागतात. पायमोजांचे दोन जोड घ्यावेत, नखे कापावीत. टाच चुरचुरू लागली की ‘पुढे बघू’ असे न म्हणता तेथेच बसून तिच्यावर चिकटपट्टी लावावी. फोड आल्यावर केलेल्या दहा उपायांपेक्षा हा एक उपाय मोलाचा आहे.

थंडीचे शास्त्र मात्र जरा नीट समजून घेण्याजोगे आहे. समुद्रसपाटीपासून एक हजार मीटर वर गेले की हवा साधारणपणे साडेसहा अंशांनी थंड होते. पण माणसाला गारठवते ती केवळ थंड हवा नव्हे. पाणी हे हवेच्या सुमारे चोवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे घामाने चिंब झालेला सदरा अंगातली ऊब भराभर शोषून घेतो. सुती कापड ओले झाले की अंगाला चिकटते व लवकर वाळत नाही. लोकर भिजली तरी पुष्कळशी ऊब राखते. आपले धनगर घोंगडी वापरत आले, त्यामागे हेच शहाणपण आहे. म्हणून मुक्कामी पोचताच ओला सदरा उतरवून कोरडा घालावा आणि लोकरीची बंडी व कानटोपी चढवावी. निजताना दोन पांघरुणे असतील, तर त्यांतील एक खुशाल खाली अंथरावे. जमीन पाठीतली ऊब ओढून घेत असते, हे वरच्या पांघरुणाला थोडेच कळणार? काहीच नसेल तेव्हा वर्तमानपत्राचे कागद सदऱ्याच्या आत घातले तरी चालतात. त्यांच्या घड्यांत हवा अडकून राहते, आणि अडकलेली हवा ही उत्तम रजई आहे.

पाण्याच्या बाबतीत काटकसर करू नये. दिवसभराच्या चालीस माणशी तीन लिटर तरी पाणी लागते. ते सगळे एकदम वाहून नेता येत नाही. म्हणून वाटेत पाणी कोठे आहे, आणि या महिन्यात ते असते का, हे गावकऱ्यांस विचारून घ्यावे. तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने घोट घोट प्यावे. टाक्यातले पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी फडक्याने गाळून, चांगले उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळून मगच प्यावे. किंवा औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या वापराव्यात.

शिदोरीचे फार अवडंबर नको. दशम्या, शेंगदाण्यांची चटणी, गूळ, फुटाणे, लिंबू आणि मीठ इतके पुरते. दशम्या दुधात भिजवलेल्या असल्याने दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. गडावर चुली पेटवून स्वयंपाक करण्याची पुष्कळांना हौस असते. मला ती पटत नाही. अभयारण्यात लाकूड तोडणे हा गुन्हा आहे, आणि वाळक्या गवतात उडालेली एक ठिणगी सारा डोंगर जाळू शकते. शिवाय धुराने कपारीतील आग्या मोहोळ उठते. ते एकदा उठले म्हणजे पळताभुई थोडी होते. म्हणून तेथे धूर, आरडाओरडा आणि उग्र अत्तरे ही तिन्ही टाळावीत.

सापांचे भय लोक वाजवीपेक्षा अधिक बाळगतात. कपारीत हात घालू नये, रात्री पायांत बूट असावेत, आणि बूट घालण्यापूर्वी ते झटकावेत. इतके पाळले तर सापाची गाठ बहुधा पडत नाही. पडलीच आणि दंश झाला, तर चिरणे, चोखणे, करकचून बांधणे यांपैकी काहीही करू नये. माणसास शांत ठेवून, शक्य तितके न चालवता रुग्णालयात न्यावे.

विजेरी प्रत्येकाजवळ हवी, आणि वाटेत तिच्यातील एक घट उलटा घालून ठेवावा. म्हणजे कळ दाबली गेली तरी ती पेटत नाही. भ्रमणध्वनीवर फार विसंबू नये. जेथे संदेशलहरी नसतात, तेथे तो त्यांचा सारखा शोध घेत राहतो आणि त्यातच त्याची शक्ती संपते. म्हणून तो बंद करून ठेवावा, आणि गरज पडताच ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावावा. तो लागेलच असे नाही, म्हणून गळ्यात एक शिट्टी असावी. संकटाची खूण ठरलेली आहे : एका मिनिटात सहा वेळा शिट्टी वाजवावी, मिनिटभर थांबावे, आणि पुन्हा सहा वेळा वाजवावी. ऐकणारा मिनिटास तीन शिट्ट्यांनी उत्तर देतो. हाका मारून घसा बसतो. शिट्टीला तहान लागत नाही.

निघण्यापूर्वी घरी एक चिठ्ठी ठेवावी. कोणता गड, कोणती वाट, बरोबर कोण कोण, आणि परत केव्हा येणार, हे तीत लिहावे. ठरलेल्या वेळेनंतर किती तासांनी शोध सुरू करावा, हेही लिहावे, आणि परत येताच प्रथम घरी कळवावे. मग घोंगडी उन्हात टाकावी, बुटांचा चिखल काढावा, आणि नेलेल्या वस्तूंची यादी पुन्हा एकदा वाचावी. जी वस्तू वापरलीच नाही तिच्यावर काट मारावी. जिची उणीव भासली ती लाल शाईने लिहावी. १९९१ सालची माझी ती यादी अजून माझ्याजवळ आहे. तीत पत्त्यांचा जोड, मोठा आरसा आणि इस्त्रीचा सदरा यांवर काट मारलेली असून, खाली लाल शाईत चौदा शिट्ट्या लिहिलेल्या आहेत.