मोबाईलवरचा अभ्यास आणि तरुणांचे डोळे

रेल्वेत असिस्टंट लोको पायलट व्हायचे तर दोन्ही डोळ्यांनी चष्म्याशिवाय ६/६ दिसावे लागते. लेसर शस्त्रक्रियेने नंबर घालवला असेल, तरी उमेदवार अपात्र ठरतो. लेखी परीक्षा पास झाल्यावर हे वैद्यकीय तपासणीत कळले, तर काही वर्षांची मेहनत वाया जाते.

आज आपली बरीच मुले मोबाईलवरच अभ्यास करतात. पीडीएफ, टेस्ट सिरीज, यूट्यूबवरचे क्लास, सगळे त्या छोट्या पडद्यावर. पुस्तके आणि क्लास परवडत नाहीत, तेव्हा 'मोबाईल सोडा' असे सांगण्यात अर्थ नाही. पण डोळ्यांचे नेमके काय होते, ते समजून घेतले पाहिजे.

डोळे चुरचुरणे, संध्याकाळी अंधुक दिसणे, डोके दुखणे हा त्रास बहुधा कोरडेपणाचा आणि थकव्याचा असतो. एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतात. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. अशा वेळी दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे पाहावे, मुद्दाम पापण्या मिटाव्यात. महागड्या 'ब्लू कट' चष्म्याची गरज नाही. अशा काचांनी डोळ्यांचा ताण कमी होतो, असे २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले नाही. दुकानदार आग्रह करेलच.

लांबचे न दिसणे, म्हणजे मायोपिया, ही वेगळी गोष्ट आहे. यात डोळ्याचा गोळा लांबट होतो, आणि तो पुन्हा आखूड होत नाही. वाढत्या वयात धोका जास्त. चीनमधील फेइचेंग शहरात २०२० मध्ये, शाळा बंद राहिल्यानंतर तपासलेल्या ६ वर्षांच्या मुलांपैकी २१.५ टक्के मुलांत मायोपिया आढळला; आधीच्या पाच वर्षांत हे प्रमाण ५.७ टक्क्यांच्या वर गेले नव्हते. दोष एकट्या पडद्याचा नव्हता, मुले घराबाहेरच पडली नव्हती. दिवसाच्या उजेडात दृष्टिपटलात डोपामिन स्रवते आणि डोळ्याची वाढ आटोक्यात राहते, असे संशोधक मानतात. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटे बाहेर काढायला सुरुवात केली, आणि वर्षानुवर्षे वाढत गेलेले कमी दिसणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण पुढे उतरू लागले.

म्हणून घरातल्या लहान भावंडांना दिवसाउजेडी मैदानावर पाठवा. स्वतः मात्र भरतीचा फॉर्म भरण्याआधी सरकारी रुग्णालयात डोळे तपासून घ्या. नंबर निघालाच तर चष्मा लावा. न लावल्याने तो कमी होत नाही.