आधी साठा, मग नमुना : अर्धवट भरतकाम-विणकामाचा हिशेब

वाशीम : दसुतीवर फुलीच्या टाक्याने निम्मा भरलेला टेबलक्लॉथ, एकच बाही झालेला स्वेटर, भरतकामाच्या धाग्यांच्या गुंतलेल्या लड्या आणि कधीकाळच्या विणकामातून उरलेले लोकरीचे चार-पाच गुंडे. सुईकामाची आवड असलेल्या घरात असा एक डबा किंवा पेटी हमखास सापडते. त्यात भर पडत राहते. कारण नवा नमुना नजरेत भरला की नवे साहित्य आणले जाते आणि जुने काम ‘सवडीने पुरे करू’ म्हणून मागे पडते. ती सवड मात्र सहसा मिळत नाही.

प्रश्न केवळ पैशांचा नाही. विदर्भातील हिवाळा लवकर आटोपतो. दोन वर्षांच्या नातवासाठी दिवाळीनंतर सुरू केलेला स्वेटर संक्रांतीपर्यंत झाला नाही, तर तो पुढच्या हिवाळ्यापर्यंत पडून राहतो आणि तोवर मूल त्या मापातून बाहेर गेलेले असते. रुखवतासाठी हाती घेतलेले तोरण लग्नाच्या तिथीपूर्वी झाले नाही, तर त्याचे प्रयोजनच संपते. काही पेट्यांमध्ये तर आईच्या किंवा सासूबाईंच्या हातचे, त्यांच्या पश्चात तसेच राहिलेले काम असते. ते टाकवत नाही आणि पुढेही नेता येत नाही. भरतकाम आणि विणकाम अशी दोन्ही कामे एकाच वेळी हाती ठेवून, नवी खरेदी न करता ती तडीस कशी न्यावीत, याचा नीट विचार केल्यास ही कोंडी फुटू शकते. त्यासाठी नेहमीचा क्रम मात्र उलटा करावा लागतो. नमुना ठरवून साहित्य आणण्याऐवजी साहित्य पाहून नमुना ठरवावा लागतो.

पोहरादेवीच्या वाटेवरचा धडा

या उलट्या क्रमाची परंपरा वाशीम जिल्ह्याला परकी नाही. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे देशभरातील बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे असून रामनवमीला मोठी यात्रा भरते. येथील बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. फेटिया, कांचळी आणि ओढणी हा बंजारा स्त्रीचा पारंपरिक वेश नव्या पिढीच्या रोजच्या वापरातून मागे पडला असला, तरी त्यावरील सुईकाम आजही पाहणाऱ्याला थक्क करते.

बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणाऱ्या तांड्यांना हौसेच्या सामानाचा मोठा साठा बाळगणे शक्य नव्हते. कापडाचे रंगीत तुकडे, आरसे, कवड्या, मणी, नाणी असे जे सोबत असे, ते वस्त्रावर चढत असे. माळवा आणि निमाड भागातील बंजारा भरतकामात तर कापडाची वीण पाहून भौमितिक आकृती भरल्या जातात आणि त्या उठावदार करण्यासाठी फुलीचा टाका वापरला जातो. कर्नाटकातील संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन लाभले आहे. जुलै २०२३ मध्ये हंपी येथे जी-२० गटाच्या सांस्कृतिक कार्यगटाची बैठक झाली, तेव्हा ४५० हून अधिक लंबाणी महिलांनी तयार केलेल्या १,७५५ वस्तूंच्या प्रदर्शनाची गिनेस विक्रमात नोंद झाली. छोटे तुकडे जोडून मोठी वस्तू उभी करणे, हे या कामाचे एक वैशिष्ट्य आहे.

आपल्या घरातील गोधडी किंवा वाकळ याच विचाराची. गोधडी शिवणारी स्त्री आधी जुनी लुगडी आणि धोतरे गोळा करते आणि मगच कोणता तुकडा कोठे बसेल ते पाहते. दसुती आणि लोकर यांच्या बाबतीत आपण हा शहाणपणा विसरलो, एवढेच.

तीन वाटे

सुरुवात पेटी पूर्ण रिकामी करण्यापासून करावी. सारे साहित्य चादरीवर मांडून अर्धवट कामांचे तीन वाटे करावेत. पहिल्या वाट्यात पुरे करायची कामे, दुसऱ्यात उसवायची आणि तिसऱ्यात रूप बदलायची. ज्याला ती वस्तू द्यायची त्याला ती अजून उपयोगी पडेल का आणि हाताशी असलेला धागा तिला पुरेल का, हे दोन प्रश्न निर्णयाला पुरेसे आहेत. दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर काम पुरे करावे. उपयोग संपला असेल, पण लोकर धडधाकट असेल, तर उसवण्यात संकोच नसावा. मापात लहान पडलेल्या स्वेटरची पाठ उशीच्या अभ्र्याला लागते आणि अर्धा राहिलेला दसुतीचा रुमाल बटव्याची दर्शनी बाजू होऊ शकतो.

उसवलेली लोकर लगेच गुंडाळू नये. ती खुर्चीच्या पाठीभोवती सैलसर गुंडाळून लड करावी, चार ठिकाणी सुती दोऱ्याने बांधावी, कोमट पाण्यात भिजवून सावलीत टांगून वाळवावी. त्यामुळे धाग्यातील वेटोळी बरीचशी निघतात. तशीच वेटोळी लोकर विणली, तर टाके वेडेवाकडे पडतात.

दसुतीचे गणित

धागा पुरेल का, या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देऊ नये. आधी कापडाच्या एका इंचात किती फुल्या बसतात ते मोजावे. इंचात १४ फुल्या बसत असतील आणि नमुना ११२ फुल्यांच्या रुंदीचा असेल, तर भरलेला भाग ८ इंच रुंद होईल. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच सोडले, तर १२ इंच रुंद कापड हवे. पेटीतील तुकडा १० इंचांचाच असेल, तर हट्ट सोडून ८४ फुल्यांचा, म्हणजे ६ इंचांचा नमुना निवडावा.

भरतकामाच्या धाग्याची लडी साधारण ८ मीटरची आणि सहा पदरांची असते. दोन पदरांनी भरायचे ठरवल्यास एका लडीतून २४ मीटर धागा मिळतो. त्यातील ५० सेंटीमीटरचा तुकडा सुईत ओवून तो संपेपर्यंत फुल्या भराव्यात आणि मोजाव्यात. समजा ४५ फुल्या झाल्या. २४ मीटरचे असे ४८ तुकडे होतात, म्हणजे पूर्ण लडीत सुमारे २,१६० फुल्या बसतील. नमुन्यातील फुलाला लाल रंगाच्या ९०० फुल्या लागत असतील, तर अर्धी लडीही पुरते. हात सैल की घट्ट यावर ही संख्या बदलते, म्हणून मोजणी स्वतःच्याच हाताची असावी.

दुसऱ्याच्या हातचे काम पुढे नेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, फुलीचा वरचा टाका कोणत्या दिशेला झुकला आहे. ती दिशा मधेच बदलली, तर प्रकाश वेगळा परावर्तित होऊन जोड दुरून ओळखू येतो. दुसरी, रंग. वर्षानुवर्षे उजेड लागलेला धागा फिका पडतो आणि त्याच क्रमांकाची नवी लडी शेजारी ठेवली की गडद दिसते. अशा वेळी एकाच फुलात जुना-नवा धागा मिसळू नये. एका कोपऱ्यातील फूल वेगळ्या छटेचे झाले, तर समोरच्या कोपऱ्यातही तीच छटा घ्यावी. मग ती उणीव न वाटता योजना वाटते. गडद लाल किंवा निळा धागा वापरण्यापूर्वी ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून रंग जातो का तेही पाहावे.

लोकरीचा तोल

तोलून घेण्याची शिस्त या मुलखाला नवी नाही. आजच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथे १८८६ मध्ये, हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये, देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला होता. लोकरीच्या बाबतीत स्वयंपाकघरातील छोटा वजनकाटा तेच काम करतो.

वापरायच्या लोकरीचा १० सेंटीमीटर लांब-रुंद तुकडा विणून तोलावा. तो ५ ग्रॅम भरला, असे धरू. लहान मुलाच्या स्वेटरचा पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी ३० बाय ३५ सेंटीमीटर, म्हणजे दोन्ही मिळून २,१०० चौरस सेंटीमीटर. दोन बाह्या मिळून सुमारे १,१००. एकूण ३,२०० चौरस सेंटीमीटरला १६० ग्रॅम आणि पट्ट्या व शिवणीसाठी दहा टक्के अधिक, म्हणजे साधारण १७५ ग्रॅम लोकर लागेल. घरात १२० ग्रॅमच असेल, तर बिनबाह्यांचा स्वेटर करावा किंवा बाह्या दुसऱ्या रंगात कराव्यात. हा निर्णय आरंभीच झालेला बरा.

शेवटी-शेवटी दोन ओळींपुरता धागा उरला आहे का, हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. उरलेल्या धाग्याच्या मध्यावर सैल गाठ मारून एक ओळ विणावी. गाठ येण्यापूर्वी ओळ संपली, तर दुसरीही होईल. टाके बंद करताना साध्या ओळीपेक्षा अधिक धागा लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

बाजारात लोकर म्हणून मिळणारा बराचसा धागा ॲक्रिलिकचा असतो. इंचभर तुकडा चिमट्यात धरून जाळला, तर खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते. हे दोन धागे एकाच कपड्यात मिसळू नयेत. गरम पाण्यात लोकर आटते, ॲक्रिलिक तशी आटत नाही, आणि कपडा बेढब होतो. एकाच रंगाच्या, पण वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या गुंड्यांत किंचित फरक असतो. तेव्हा दोन ओळी एका गुंड्याच्या आणि दोन दुसऱ्याच्या अशा आलटून-पालटून विणल्यास तो फरक डोळ्यांना जाणवत नाही.

एक मोजणीचे, एक सवयीचे

दोन कामे एकदम चालवताना ती परस्परविरोधी स्वभावाची असावीत. फुलीच्या टाक्यात सतत घरे मोजावी लागतात, त्याला दिवसाचा उजेड आणि शांतता हवी. सुलट-उलट टाक्यांचे साधे विणकाम संध्याकाळी गप्पा मारताना किंवा दूरचित्रवाणी पाहतानाही होते. नक्षीचा स्वेटर आणि बारीक दसुती ही दोन्ही कामे मात्र एकत्र घेऊ नयेत. दोन्हींना मोजणी लागते, म्हणून एकात चूक होते आणि मग दोन्ही मागे पडतात. हातातील दोनपैकी एक संपल्याशिवाय तिसरे सुरू न करणे, हा नियम कठोर वाटला तरी पेटी त्यानेच रिकामी होते.

प्रत्येक कामाला स्वतंत्र पिशवी असावी. तीत नमुना, सुईचा क्रमांक, धाग्याचा क्रमांक आणि कितव्या ओळीवर थांबलो त्याची चिठ्ठी ठेवावी. विणकाम ओळीच्या मधोमध थांबवू नये, तेथील टाके ताणले जातात. फार दिवस थांबणार असू, तर टाके जाड दोऱ्यात ओवून ठेवावेत, म्हणजे सुयाही दुसऱ्या कामाला मोकळ्या होतात. दसुतीत सुई टोचून ठेवल्यास गंजाचा डाग पडतो आणि रिंग तशीच राहिली तर कापडावर वळ उमटतो. खऱ्या लोकरीला कसर लागते, म्हणून ती अधूनमधून उन्हात घालावी. कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवण्याचा घरगुती प्रघात आहेच. पण ऊन आणि झटकणे यांना पर्याय नाही.

तिथी असलेल्या कामाला अग्रक्रम द्यावा आणि हिशेब उलटा मांडावा. स्वेटरच्या १६० ओळी उरल्या असतील आणि संध्याकाळी १० ओळी होत असतील, तर १६ दिवस लागतील. जोडणी आणि धुण्यासाठी चार दिवस धरले, तर संक्रांतीसाठी २५ डिसेंबरपूर्वी बसायला हवे. दसुतीचा टेबलक्लॉथ त्या काळात थोडा थांबला तरी त्याचे काही बिघडत नाही.

चौकोनांचे पांघरूण

एवढे करूनही दहा-वीस ग्रॅमचे गुंडे उरतातच. त्यांचे १० सेंटीमीटरचे चौकोन विणावेत. असे १०० चौकोन जोडले की मीटरभर लांब-रुंद पांघरूण होते आणि वरच्या हिशेबाने त्याला अर्धा किलो लोकर लागते. एक चौकोन पर्समध्ये मावतो, बस थांब्यावर किंवा दवाखान्यातील प्रतीक्षेत विणता येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये १ जून १९४१ रोजी कपड्यांवर शिधावाटप लागू झाले आणि ते १९४९ पर्यंत चालले. तेथील सरकारने १९४३ मध्ये जुने कपडे दुरुस्त करून वापरण्याची पुस्तिकाच काढली. जुने स्वेटर उसवून नवे विणणे हा तेथील घराघरांतला उद्योग झाला होता. टंचाईने त्यांना जे शिकवले, ते विपुलतेच्या काळात आपल्याला स्वतःहून शिकावे लागणार आहे.

नव्या लडीचा मोह वाईट नाही, पण पेटीतील प्रत्येक अर्धवट कामामागे कोणासाठी तरी केलेला संकल्प असतो. येत्या हिवाळ्याआधी एक सुटीची दुपार काढून पेटी उघडावी, तीन वाटे करावेत आणि ज्याची तिथी सर्वांत जवळ, ते काम हाती घ्यावे. मापात बसेल तोवरच स्वेटर त्या मुलाचा असतो.