आधी जागा बघा, मग ग्राइंडर घ्या



मागच्या महिन्यात संस्थेच्या कामाने हैदराबादला जाणं झालं. राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाचं कार्यालय तिथे आहे. माशाच्या आकाराची ती इमारत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी फोटोत बघितली असेल. काम एका दिवसात उरकलं. मुक्काम आबिड्सला होता आणि खिशात आपल्या तीन-चार बोटमालकांनी दिलेली यादी होती. सगळ्यांच्या यादीत एक वस्तू सारखी: "हवेवर चालणारा छोटा ग्राइंडर बघून या."

ही मागणी कुठून आली ते तुम्हाला माहीत आहे. मागच्या पावसाळ्यात आपल्याच बंदरात एका बोटीवर इंजिनच्या बेडखालचा गंज काढायचं काम चालू होतं. चार इंची विजेचा ग्राइंडर त्या फटीत जाईना. म्हणून पोराने गार्ड काढला आणि मशीन आत घातली. चकती कोपऱ्यात अडकली, मशीन उसळली आणि मनगटावर नऊ टाके पडले. बंदी उठली तेव्हा बोट तयार होती, पण तो खलाशी पहिल्या दोन फेऱ्या घरीच बसून होता. त्याच्या घरी त्या दिवसांत काय झालं असेल ते मी वेगळं सांगायला नको.

दुसरी चूक माझी स्वतःची. त्या घटनेनंतर मी घाईघाईत संस्थेसाठी एक एअर ग्राइंडर आणला. पंक्चरवाल्याकडे असतो तसला छोटा कॉम्प्रेसर जोडला. मशीन जोरात फिरली, पण लोखंडाला टेकवली की अर्ध्या मिनिटात दम तोडायची. आज ती संस्थेच्या कपाटात पडून आहे. म्हणून या वेळी ठरवलं, आधी विचारायचं, मग घ्यायचं.

आबिड्सचा बाजार

आबिड्स हे नाव अल्बर्ट आबिद नावाच्या व्यापाऱ्याचं. सहाव्या निजामाच्या, म्हणजे मीर महबूब अली खानांच्या पदरी तो होता आणि त्याचं दुकान इथे होतं. जवळच गनफाउंड्री आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस रेमंड नावाच्या फ्रेंच सरदाराने निजामासाठी तिथे तोफा ओतायचा कारखाना काढला. लोक त्याला 'तोप का सांचा' म्हणतात. म्हणजे धातूकाम या भागाला नवीन नाही. आज आबिड्सला लागून ट्रूप बाजार आहे. विजेचं सामान, नळ-फिटिंग, हार्डवेअर सगळं तिथे. कारखान्यांना लागणाऱ्या मशिनरीचा मोठा बाजार मात्र सिकंदराबादकडे राणीगंजला.

ट्रूप बाजारातल्या एका वयस्कर दुकानदाराला मी म्हटलं, छोटा एअर ग्राइंडर दाखवा. त्याने मशीन काढलीच नाही. म्हणाला, "भाई, मशीन बाद में. पैले बताओ, जागा कित्ती है और हवा कित्ती है?"

मंडळी, सगळी गोष्ट या एका प्रश्नात आहे. आपण मशीनपासून सुरुवात करतो. खरं तर क्रम उलटा हवा: आधी जागा, मग पॅड, मग मशीन आणि पैसे देण्याआधी कॉम्प्रेसर.

कुठल्या जागेला काय

आपल्या बोटीवर अडचणीच्या जागा ठरलेल्या आहेत. त्याप्रमाणे बघू.

*सपाट, पण हात जेमतेम जाईल अशी जागा* (इंजिन बेडची बाजू, विंचच्या पायाभोवती): इथे काटकोनी डोक्याचा ग्राइंडर. त्याला दोन किंवा तीन इंचाचा रबरी पॅड आणि अर्धा वेढा फिरवला की बसणारी छोटी चकती. एका हातात मावतो आणि डोकं आडवं असल्यामुळे फटीत सरकतो.

*भोक, खाच, वेल्डिंगचा आतला कोपरा*: इथे सरळ ग्राइंडर आणि टोकाला कार्बाइडची रोटरी बर. चकती कोपऱ्यात पोचत नाही, बर पोचते.

*दोन पट्ट्यांमधली चिंचोळी फट*: बोटासारखा लांब पट्टा सँडर. याचा पट्टा साधारण 10 मिलिमीटर रुंद आणि 330 मिलिमीटर लांब येतो. फटीसाठी याच्यासारखं दुसरं हत्यार नाही.

*पापुद्रे सुटलेला जाड गंज*: इथे पॅड लावूच नका, फुकट जातील. आधी छिन्नी-हातोडी किंवा हवेवर चालणारा सुयांचा स्केलर, मग पॅड.

पॅडची निवड

वेल्ड उतरवायचा तर 36 किंवा 60 नंबर. गुळगुळीत करायचं तर 80, 120. लोखंड न खाता फक्त गंज आणि जुना रंग काढायचा असेल तर जाळीदार पॅड घ्या, घरात भांडी घासायच्या घासणीसारखा दिसतो तो. यात बहुतेक कंपन्यांचा तपकिरी भरड, मरून मध्यम आणि निळा बारीक असतो.

स्टेनलेसच्या कामाला वेगळे पॅड ठेवा आणि डब्यावर तसं लिहा. साध्या लोखंडावर वापरलेला पॅड स्टेनलेसवर फिरवला तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि खाऱ्या हवेत चहाच्या डागांसारखा गंज धरतो. आणि शाफ्टला ग्लँडच्या जागी खाच पडली असेल तर ती ग्राइंडरने सपाट करायला जाऊ नका. शाफ्ट तिथे बारीक होईल, गोलाई जाईल आणि पाणी जास्त येईल. ते काम लेथवाल्याचं.

चकतीवरचा आकडा वाचा

हे सगळ्यात महत्त्वाचं. विजेचा चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11 ते 12 हजार फेरे फिरतो. छोटा एअर ग्राइंडर 20 हजारांच्या वरसुद्धा जातो. चार इंची कटिंग चकतीवर साधारण 15 हजारांची मर्यादा छापलेली असते. तीच चकती जुगाड करून एअर ग्राइंडरला लावली तर तिची कड सेकंदाला शंभर मीटरच्या पुढे पळते आणि चकती फुटू शकते. फुटलेला तुकडा कुणाकडे जाईल हे सांगता येत नाही. नियम एकच: चकतीवर छापलेला आरपीएम मशीनवर छापलेल्या आरपीएमपेक्षा जास्त किंवा निदान तेवढा पाहिजे. रबरी पॅडवरही आकडा असतो, तोही बघा. आकडा पुसलेली किंवा छापलेलाच नाही अशी चकती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

हवा किती

छोट्या ग्राइंडरच्या खोक्यावर चार-पाच सीएफएम लिहिलेलं असतं आणि आपण फसतो. तो आकडा थांबून-थांबून वापरायचा असतो. सलग घासायला दहा-पंधरा सीएफएम किंवा त्याहून जास्त हवा लागते. कॉम्प्रेसर एका एचपीला ढोबळमानाने तीन-चार सीएफएम देतो. म्हणजे एक-दोन एचपीवर हे काम होणार नाही, पाच एचपीच्या आसपास पाहिजे. माझी मशीन का दमली ते मला हैदराबादला जाऊन कळलं.

पाइप 10 मिलिमीटर आतल्या मापाचा घ्या, बारीक पाइपात दाब मरतो. दाब 90 पीएसआय हवा आणि तोही मशीन चालू असताना. आपल्या दमट हवेत टाकीत पाणी साचतं, ते रोज काढा आणि लाइनवर पाणी अडवणारा फिल्टर बसवा. मशीनमध्ये रोज एअर टूलच्या तेलाचे चार-पाच थेंब. मशीनची हवा पुढून बाहेर पडते की मागून, हेसुद्धा दुकानात बघून घ्या. पुढून पडली तर इंजिनखालची सगळी धूळ तोंडावर येते.

हवेची मशीन म्हणजे आगीपासून सुटका नव्हे

ओल्या बोटीत विजेच्या झटक्याचा धोका हवेच्या मशीनमुळे टळतो, हे खरं. पण लोखंडावर ठिणगी पडणारच. इंजिनखाली डिझेल सांडलेलं, तेलकट चिंध्या पडलेल्या, फळ्यांच्या सांध्यात तेल मुरलेलं. आधी तळ पुसून कोरडा करा, फळ्या उघडून वारा खेळू द्या, पाण्याची बादली आणि आग विझवायचा सिलेंडर हाताशी ठेवा. काम संपल्यावर अर्धा तास तिथून हलू नका, लाकडात धुमसणारी ठिणगी उशिरा दिसते. डिझेलची टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते. धुऊन, वायू काढून, जाणकाराने तपासल्याशिवाय तिला ग्राइंडर लावू नका. पेट्रोलची इंजिनं असणाऱ्यांनी दुप्पट सांभाळायचं.

डोळ्याला चष्मा बंदिस्त हवा, उन्हाचा काळा चष्मा चालत नाही. नाकाला धुळीचा मास्क, कारण बुडाच्या जुन्या रंगात विष असतं. गळ्यात टॉवेल नको. पॅड बदलताना हवेचा पाइप काढूनच बदला. इंजिनची हवा ओढायची तोंडं आणि उघड्या बेअरिंग कापडाने बांधा, लोखंडी चुरा आत गेला तर दुसरं काम निघेल.

आणि एक: घासण्याआधी ती जागा गोड्या पाण्याने धुऊन वाळवा. मीठ राहिलं तर ते गंजाच्या खड्ड्यात दाबलं जातं आणि रंगाखालून परत गंज येतो. घासून चकाकलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवू नका, त्याच दिवशी प्रायमर मारा.

मग घ्यायचं काय?

मी हैदराबादहून मशीन आणली नाही. यादी देणाऱ्यांनी रागावू नये. 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची बंदी असते आणि त्यात एका बोटीला या मशीनचं काम असतं चार-पाच दिवसांचं. त्यासाठी प्रत्येक नाखव्याने पाच एचपीचा कॉम्प्रेसर घेणं परवडणारं नाही. मोठा कॉम्प्रेसर नसेल तर एकट्याने मशीन घेणं म्हणजे माझ्यासारखं कपाट भरणं.

माझं म्हणणं असं, की संस्थेने एक कॉम्प्रेसर, एक काटकोनी ग्राइंडर, एक सरळ ग्राइंडर आणि एक पट्टा सँडर घ्यावा. पॅड ज्याचे त्याने आणावेत. मशीन नोंदवहीत सही करून न्यायची आणि गार्ड, चष्मा, मास्क सोबत असल्याशिवाय द्यायची नाही. हा विषय येत्या मासिक सभेत ठेवतो आहे. नाखव्यांनी यावंच, पण प्रत्यक्ष मशीन धरणाऱ्या खलाशांनाही सोबत आणा. मनगट त्यांचं आहे, त्यांचं म्हणणं आधी ऐकायला हवं.

तुमचा,
सेक्रेटरी