बिनतारी नेटवर्क-चालकातील दोषशोधन व मागोवा

संगणकातील बिनतारी संच आणि कार्यप्रणाली यांना जोडणाऱ्या आज्ञावलीस चालक किंवा ड्रायव्हर म्हणतात. या आज्ञावलीतील चुका हुडकून काढणे म्हणजे दोषशोधन आणि तिचे काम चालू असताना घडामोडींची कालानुक्रमे नोंद ठेवणे म्हणजे मागोवा घेणे होय.

वाय-फायची जोडणी वारंवार तुटते, हे लक्षण एकच असले, तरी त्याचे मूळ चालकात, संचातील फर्मवेअरमध्ये, समोरच्या ॲक्सेस पॉइंटमध्ये किंवा लहरींच्या परस्पर व्यतिकरणात असू शकते. फर्मवेअरची मूळ संहिता उत्पादक बहुधा उघड करीत नाहीत. शिवाय काही कामे चालकाच्या आवाक्याबाहेरची असतात. उदा., २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात फ्रेम मिळाल्याची पोच १० मायक्रोसेकंदांच्या अंतराने द्यावी लागते. ती संच स्वतःच देतो. पाठविलेल्या फ्रेमची पोच आली की नाही, एवढेच चालकाला मागाहून कळते.

आज्ञावलीत ठिकठिकाणी संदेश छापण्याची सोय करणे, ही दोषशोधनाची सर्वांत जुनी रीत. ती सोपी आहे. पण येथे फसवी ठरते. सेकंदाला १,१५,२०० बिट या वेगाच्या क्रमिक जोडणीवरून ८० अक्षरांची एक ओळ जाण्यास सु. ७ मिलिसेकंद, म्हणजे वरील अंतराच्या सु. ७०० पट वेळ लागतो. तेवढ्यात घटनांचा क्रमच बदलतो आणि शोधू पाहिलेला दोष नाहीसा होतो. अशा दोषांस ‘हायझेनबग’ म्हणतात. जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये हा शब्द वापरला होता. भौतिकीच्या दृष्टीने हे नामकरण सैलच आहे, कारण निरीक्षणाने होणारा बदल आणि हायझेनबेर्क यांचे अनिश्चिततेचे तत्त्व या निराळ्या गोष्टी आहेत.

लिनक्स कार्यप्रणालीच्या गाभ्यात ऑक्टोबर २००८ मध्ये (आवृत्ती २.६.२७) समाविष्ट झालेल्या एफट्रेस या साधनाने ही अडचण पुष्कळशी दूर केली. त्याचे प्रमुख कर्ते स्टीव्हन रॉस्टेट हे होत. प्रत्येक फलनाच्या आरंभी ठेवलेली नोंदीची आज्ञा एरवी निष्क्रिय असते व हवी तेथेच जागृत करता येते. नोंदी अक्षरांत न छापता प्रत्येक प्रक्रियकाच्या स्वतंत्र वलयाकार स्मृतीत द्विमान स्वरूपात साठविल्या जातात. त्यांचे वाचनीय रूप मागाहून तयार होते. स्मृती भरल्यावर जुन्या नोंदी पुसल्या जात असल्याने दोष घडण्यापूर्वीचे क्षण हाती राहतात. लिनक्समधील मॅक८०२११ हा बिनतारी थर चालकाला कोणती आज्ञा देतो व चालक काय उत्तर देतो, हे त्यातील मागोवा-बिंदूंवरून कळते. इंटेलच्या संचांसाठी असलेल्या आयडब्ल्यूएल-वायफाय या चालकात फर्मवेअरला दिलेल्या आज्ञाही नोंदविता येतात.

तथापि, चालकाची नोंद ही एका पक्षाची साक्ष होय. दुसरी साक्ष हवेतून मिळवावी लागते. त्यासाठी दुसरा बिनतारी संच केवळ निरीक्षणाच्या अवस्थेत ठेवून त्याच वाहिनीवरील फ्रेम टिपतात आणि वायरशार्कसारख्या साधनाने वाचतात. दोन्ही यंत्रांची घड्याळे जुळत नसल्याने फ्रेमचा ० ते ४०९५ यांमधील अनुक्रमांक ताळ्यासाठी उपयोगी पडतो. समजा, ॲक्सेस पॉइंटने कारण-क्रमांक १५ देऊन जोडणी तोडली. म्हणजे किल्ली ठरविण्याची चार संदेशांची देवघेव मुदतीत पुरी झाली नाही. चालकाने दुसरा संदेश संचाच्या हवाली केल्याची नोंद असून तो हवेत दिसला नाही, तर संशय फर्मवेअरवर जातो. हवेत दिसला पण पोच आली नाही, तर ग्रहणाच्या बाजूवर. निरीक्षक संचाकडूनही फ्रेम निसटतात. म्हणून एकाच टिपणावरून फर्मवेअरला दोषी ठरविणे उतावीळपणाचे होय.

मॅक८०२११-एचडब्ल्यूसिम हे साधन संगणकातच काल्पनिक संच निर्माण करते. संकेतप्रणालीतील चुका त्यावर निवांत तपासता येतात. परंतु खऱ्या लहरींचा गोंगाट किंवा फर्मवेअरची लहर त्यात उतरत नाही.

मागोव्याच्या नोंदी दुरुस्तीसाठी इतरांकडे पाठविताना काळजी घ्यावी लागते. फर्मवेअरला दिलेल्या आज्ञांत कूटलेखनाची किल्ली आणि फ्रेममध्ये वापरणाऱ्याचा खाजगी मजकूर असू शकतो. या कारणास्तव आयडब्ल्यूएल-वायफायमध्ये मजकुराच्या नोंदींचा गट वेगळा ठेवला असून तो वगळता येतो. किल्ली मात्र आज्ञांबरोबर जाण्याचा संभव असल्यामुळे चाचणीपुरता वेगळा परवलीचा शब्द वापरणे इष्ट ठरते.