तीन घरे, एक अंगण आणि एकच कागद

अमेरिकेतल्या एच.बी.ओ. वाहिनीने मार्च २००६ ते मार्च २०११ या काळात 'बिग लव्ह' नावाची मालिका दाखवली. पाच पर्वे, ५३ भाग. युटा राज्यातला बिल हेन्रिकसन हा दुकानांचा मालक, त्याच्या तीन बायका बार्ब, निकी आणि मार्जीन, आणि तिघींची मुले. तीन घरे शेजारी शेजारी, मागचे अंगण मात्र एक. नवरा कोणत्या रात्री कोणाच्या घरी राहणार, याचे वेळापत्रक ठरलेले. शेजाऱ्यांना, दुकानातल्या नोकरांना, मुलांच्या शाळेला यातले काही कळू द्यायचे नाही, अशी सर्वांची धडपड.

आम्ही ही मालिका सावर्ड्यात बसून पाहिली. चिपळूण तालुक्यातले मुंबई-गोवा महामार्गावरचे हे गाव. कोकण रेल्वेचे स्थानक आहे, शाळा-महाविद्यालये आहेत, आणि घरटी एक माणूस मुंबईला असण्याची कोकणातली जुनी रीत इथेही आहे. कोणी विचारील, अमेरिकेतल्या मॉर्मन कुटुंबाचा कोकणातल्या बौद्धवाडीशी काय संबंध? आमचे म्हणणे असे की संबंध आहे आणि तो फार जवळचा आहे.

मॉर्मन पंथाची स्थापना जोसेफ स्मिथ याने १८३० साली केली. एका पुरुषाने अनेक स्त्रियांशी लग्न करणे ही देवाची आज्ञा आहे, असे या पंथाने १८५२ मध्ये उघड सांगितले. अमेरिकेच्या सरकारने त्याविरुद्ध एकामागून एक कायदे केले. धर्माच्या नावाने बहुपत्नीत्वाला सूट मिळणार नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ मध्ये दिला. अखेर १८९० मध्ये पंथाच्या प्रमुखाने जाहीरनामा काढून ही प्रथा सोडली आणि १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला. अधिकृत चर्च आज असे लग्न करणाऱ्याला पंथाबाहेर काढते. पण पंथातून फुटून निघालेल्या गटांनी ही प्रथा लपूनछपून चालू ठेवली. मालिकेतला बिल अशाच एका गटाच्या वस्तीतून आलेला आहे.

या इतिहासातली एक गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. युटातल्या स्त्रियांना १८७० मध्येच मतदानाचा हक्क मिळाला होता. बहुपत्नीत्व मोडून काढण्यासाठी केंद्राने १८८७ मध्ये जो कडक कायदा केला, त्यात या स्त्रियांचा मताधिकारच काढून घेतला गेला. लग्ने केली पुरुषांनी आणि हक्क गेला बायकांचा! तो परत मिळायला १८९६ साल उजाडले. प्रथा चालवतानाही स्त्रीला विचारत नाहीत आणि प्रथा मोडतानाही विचारत नाहीत, हा अनुभव काही एकट्या युटाचा नाही.

आता मालिकेच्या गाभ्याकडे येऊ. बिलला बायका तीन, पण सरकारी कागदावर बायको एकच, ती म्हणजे थोरली बार्ब. निकी आणि मार्जीन यांचे लग्न देवासमोर झाले, सरकारसमोर नाही. पाचव्या पर्वात निकीच्या आधीच्या लग्नातल्या मुलीला दत्तक घ्यायचे ठरते. त्यासाठी बिल कागदोपत्री निकीचा नवरा असायला हवा. म्हणून वीस वर्षे संसार केलेली बार्ब घटस्फोटाच्या कागदावर सही करते आणि निकी कायदेशीर बायको होते. घर तेच, माणसे तीच, फक्त कागद एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जातो. पण बार्बच्या पायाखालची जमीन सरकते. तिघी एकमेकींना बहिणी म्हणत होत्या, तो बहीणपणा त्या एका कागदापुढे किती टिकतो, हे पाहण्यासारखे आहे.

हा कागद आमच्या कोकणाला चांगला ठाऊक आहे. इथला पुरुष मुंबईला गेला, गिरणीत, गोदीत, रेल्वेत, नगरपालिकेत लागला. बायको गावी राहिली. सासू-सासऱ्यांचे केले, शेतात राबली, मुले वाढवली, मनिऑर्डरची वाट पाहिली. काही पुरुषांनी मुंबईत दुसरा संसार मांडला. गावची वेगळी, मुंबईची वेगळी. त्याची चर्चा पाणवठ्यावर होते, बैठकीत होत नाही. माणूस जिवंत असेपर्यंत दोन्ही चुली पेटत राहतात. तो गेला की कचेरीच्या खिडकीसमोर दोन बायका उभ्या राहतात. फंड कोणाचा, पेन्शन कोणाचे, खोली कोणाच्या नावावर? गावच्या बाईजवळ लग्नाचा कागद नसतो. मुंबईच्या बाईजवळ रेशनकार्ड असते, पण कायद्याने तिचे लग्नच रद्दबातल असते. दोघीही एकमेकींना शिव्या देतात आणि ज्याने हे केले त्याच्या फोटोला दोन्ही घरांत हार असतो.

अमेरिकेतल्या तीन घरांना निदान एक अंगण होते. आमच्या दोन घरांमध्ये अडीचशे किलोमीटरचा महामार्ग आहे, एवढाच काय तो फरक.

कायदा नव्हता म्हणून हे घडले, असे मात्र कोणी म्हणू नये. मुंबई प्रांताने हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी घालणारा कायदा १९४६ मध्येच केला. तो आमच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे, अशी तक्रार न्यायालयात गेली, तेव्हा न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी १९५१ मध्ये 'नरसू अप्पा माळी' खटल्यात कायदा वैध ठरवला. त्याहीआधी, २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली होती. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या, बाबासाहेब स्वतः हजर होते. त्या परिषदेत आमच्या आयाआज्यांनी घटस्फोटाचा हक्क मागितला आणि पुरुषाने अनेक बायका करण्याच्या प्रथेविरुद्ध ठराव केला. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या कित्येक जणी त्यात होत्या. कायदेमंडळाला जे चार वर्षांनी सुचले ते त्यांनी आधी मागितले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथात हा इतिहास नोंदवून ठेवला नसता, तर तोही चुलीत गेला असता. त्यातल्या उर्मिलाताई आमच्याच रत्नागिरी जिल्ह्याच्या.

बाबासाहेबांनी कायदामंत्री म्हणून हिंदू कोड बिल मांडले. एकपत्नीत्व आणि घटस्फोट हे त्याचे मोठे आधार होते. सनातन्यांनी आकाशपाताळ एक केले. बिल बारगळले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याच्या कारणांत हे बिल ठळक होते. पुढे त्याचेच तुकडे करून कायदे झाले. १८ मे १९५५ पासून लागू झालेल्या हिंदू विवाह कायद्याने दुसरे लग्न गुन्हा ठरले. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे.

मग अडले कुठे? भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला वाचावा. पहिली बायको असताना फेब्रुवारी १९६२ मध्ये गांधर्व पद्धतीने दुसरे लग्न लागले. खालच्या न्यायालयांनी आरोपीला दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने १ फेब्रुवारी १९६५ रोजी त्याला सोडून दिले. कारण काय, तर होम आणि सप्तपदी झाल्याचे, किंवा त्यांच्याशिवाय लग्न लागते अशी रूढी असल्याचे सिद्ध झाले नाही. म्हणजे दुसरे लग्न जितके अर्धवट, तितका पुरुष सुरक्षित! आणि पुरावा द्यायचा कोणी? ज्या लग्नाचे आमंत्रणच तिला नव्हते, त्या लग्नात किती पावले चालली हे पहिल्या बायकोने सांगायचे. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण गुन्हा अदखलपात्र आहे. बाईने किंवा तिच्या जवळच्या नातेवाइकाने स्वतः न्यायालयात गेल्याशिवाय चाक हलत नाही.

बौद्ध लग्नात होम नाही आणि सप्तपदीही नाही. बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर वंदना, त्रिशरण-पंचशील, प्रतिज्ञा आणि पुष्पहार, असा आमचा साधा विधी. त्याचा आम्हांला अभिमान आहे. पण हा साधेपणा कोणा लबाडाची पळवाट होऊ नये, ही जबाबदारी आमचीच आहे.

बहुपत्नीत्वाचा विषय निघाला की या देशात बोट फक्त मुसलमानांकडे दाखवले जाते. आकडे काय सांगतात? डॉ. फुलरेणू गुहा यांच्या समितीने १९७४ मध्ये 'टुवर्ड्स इक्वॅलिटी' हा अहवाल दिला. १९६१ च्या जनगणनेवेळच्या पाहणीवरून त्यात बहुपत्नीत्वाचे प्रमाण दिले आहे. आदिवासींत १५.२५ टक्के, बौद्धांत ७.९, जैनांत ६.७, हिंदूंत ५.८ आणि मुसलमानांत ५.७. मुसलमानांच्या नावाने ओरडणाऱ्यांनी शेवटचे दोन आकडे पाहावेत. पण आम्ही आमचाही आकडा पाहिला पाहिजे. दीक्षा १९५६ ची, त्यामुळे त्यातली पुष्कळशी लग्ने आधीचीच असणार, हे खरे. तरी धम्म बदलल्याने घर आपोआप बदलत नाही, हेही तितकेच खरे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या नवऱ्याला आणखी बायको आहे असे सांगणाऱ्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण २००५-०६ मध्ये १.९ टक्के होते, २०१९-२१ मध्ये १.४ झाले. प्रमाण उतरते आहे, ही आनंदाची गोष्ट. पण हे बायकोला ठाऊक असलेले आणि तिने तोंडाने सांगितलेले आकडे आहेत. मुंबईतल्या ज्या चुलीची गावच्या बाईला खबरच नाही, ती यात येणार कशी?

मराठी वाहिनीवर 'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका २०१६ ते २०२१ अशी जवळजवळ पाच वर्षे चालली. नवरा बाहेर गुंतलेला, आणि राधिका मसाल्यांचा धंदा उभारून स्वतःच्या पायावर उभी राहते. घराघरांत बायकांनी ती आवडीने पाहिली. पण मालिकेच्या नावातली 'बायको' कायद्याने कोण, एवढा साधा प्रश्न घेऊन किती जणी घराबाहेर पडल्या? करमणूक करणाऱ्यांचे ते काम नाही. ते चळवळीचे काम आहे.

म्हणून आमचे सांगणे थोडक्यात असे. कोकणात प्रत्येक गावाचे मुंबई मंडळ आहे, गावशाखा आहे. जयंतीला, मे महिन्यात सारे एकत्र येतात, हिशेब मांडले जातात, वर्गणीवरून तासन्‌तास वाद होतात. त्याच बैठकीत गावातल्या प्रत्येक लग्नाची नोंद झाली की नाही, हा विषय घ्या. महाराष्ट्रात विवाहनोंदणीचा १९९८ चा कायदा आहे, गावात ग्रामपंचायतीत नोंद होते. जुन्या लग्नांचीही नोंद करून घ्या आणि दाखला बाईच्या हातात द्या, पुरुषाच्या ट्रंकेत नको. नोकरीच्या कागदांवर वारस म्हणून कोणाचे नाव आहे, हे तिला दाखवा. पहिली बायको हयात आणि घटस्फोट नाही, अशा माणसाचे लग्न कोणत्याही बौद्धाचार्याने लावू नये, आणि लावल्यास मंडळाने त्याला जाब विचारावा.

आणि दुसरीचे काय? तिलाही अनेकदा फसवलेलेच असते. पहिले लग्न लपवून केलेल्या दुसऱ्या बायकोला पोटगी नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले. अशा लग्नातल्या मुलांना आईवडिलांच्या मालमत्तेत वाटा आहे, हे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केले. दोघींना एकमेकींवर सोडून पुरुषाला मंचावर खुर्ची देणारा समाज पंचशीलातले तिसरे शील फक्त तोंडाने म्हणतो.

'बिग लव्ह'च्या शेवटी गोळी लागून रस्त्यावर पडलेला बिल बार्बकडे आशीर्वाद मागतो. आशीर्वाद देण्याचा जो अधिकार पंथाने फक्त पुरुषाला दिला होता आणि जो ती हट्टाने मागत होती, तो तिला नवरा मरताना मिळतो. आमच्या आयाबहिणींना हक्कासाठी कोणाच्या मरणाची वाट पाहायला लागू नये. तो बाबासाहेबांनी मंत्रिपदावर पाणी सोडून मागितलेला आहे. ग्रामपंचायतीच्या कचेरीत जाऊन त्याचा दाखला आणणे, एवढेच आमच्या वाट्याला उरले आहे. तेवढे तरी या मे महिन्यात करू या.